ताप आणि उलट्या एकदमच सुरू झाल्या तर: लहान मुलाला घरी कसं सांभाळायचं, कोणत्या क्रमानं

रात्री दीडला मूल उलटी करतं, अंग चटका बसेल इतकं तापलेलं असतं आणि घरातली तीन माणसं तीन दिशांना धावतात. बाबा तापाचं सिरप पाजतात, आई पेलाभर पाणी तोंडाला लावते, आजी मिठाच्या पाण्याच्या पट्ट्या करायला घेते. पाचव्या मिनिटाला सिरप आणि पाणी दोन्ही चादरीवर येतं. मग पुन्हा सिरप, पुन्हा पाणी, पुन्हा उलटी. सकाळी दवाखान्यात "पोटात काहीच ठरत नाही हो" म्हणून सांगतात. औषध किती वेळा दिलं आणि त्यातलं आत किती राहिलं, हे मात्र कुणालाच नक्की सांगता येत नाही.

लहान मुलांच्या वॉर्डात परिचारिका म्हणून रात्रपाळ्या करताना हे चित्र मी इतक्यांदा पाहिलंय की आता ते सविस्तर लिहून काढायलाच हवं. आलेल्यांपैकी बरीच मुलं घरी सांभाळता येण्यासारखी असायची. घरच्यांची धावपळ आणि माया कुठेच कमी पडलेली नसायची, चुकलेला असायचा क्रम आणि माप.

हा लेख सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांसाठी आहे. बाळ तीन महिन्यांच्या आतलं असेल आणि ताप १००.४ फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त असेल, तर पुढचं काहीही वाचत बसू नका, थेट डॉक्टरांकडे न्या. तीन ते सहा महिन्यांच्या बाळालाही त्याच दिवशी दाखवा.

१. आधी पाहा: घरी थांबायचं की निघायचं

औषधाची बाटली हातात घेण्याआधी मुलाला उजेडात नीट पाहा. दोन मिनिटं पुरतात. खालीलपैकी एक जरी दिसलं तरी निघा. मध्यरात्र असली तरी सकाळची वाट पाहू नका.

– उलटी हिरव्या रंगाची आहे, पालकाच्या पाण्यासारखी. पोट रिकामं झाल्यावर पिवळसर पाणी पडणं वेगळं. गडद हिरवा रंग आतड्याला अडथळा असल्याची खूण असू शकते.
– उलटीत रक्त आहे किंवा ती कॉफीच्या चोथ्यासारखी काळपट आहे.
– मूल हाक मारून, हलवूनही नीट जागं होत नाही, ओळख देत नाही, मान टाकतं.
– आठ तासांत लघवी झालेली नाही. वर्षाच्या आतल्या बाळाला सहा तास.
– डोळे खोल गेलेत, रडताना अश्रू येत नाहीत, जीभ कोरडी आहे. बाळाची टाळू खोल गेली आहे किंवा फुगून वर आली आहे.
– गुडघे पोटाशी घेऊन कळवळून रडतं, काही मिनिटं शांत होतं, पुन्हा तसंच रडतं. शीतून रक्तमिश्रित शेंब पडते.
– मान ताठ झाली आहे, उजेड सहन होत नाही, किंवा अंगावर लालजांभळे ठिपके आहेत आणि काचेचा पेला दाबूनही ते फिके होत नाहीत.
– श्वास जोरजोरात चालू आहे, बरगड्यांमध्ये खड्डे पडतात, ओठ निळसर दिसतात.
– ताप १०४ किंवा त्याहून वर आहे.
– आधी डोक्यावर पडलं होतं, किंवा घरातल्या गोळ्या, रॉकेल, कीटकनाशक तोंडात गेल्याची शंका आहे.

गाडीची सोय नसेल तर १०८ ला फोन करा. ही रुग्णवाहिका महाराष्ट्रात आणि गोव्यात मोफत आहे.

आणखी एक खूण सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. मूल उलट्या करतंय, मलूल आहे, पण लघवी मात्र भरपूर होतेय, तहान भागत नाही आणि गेल्या काही आठवड्यांत वजनही उतरलंय. अशा मुलाला मधुमेह असू शकतो, लहान मुलांनाही तो होतो. "लघवी होतेय ना, मग पाणी कमी नाही" असं समजून घरी थांबलेल्या मुलांची तब्येत फार झपाट्यानं बिघडते. त्याच रात्री रक्तातली साखर तपासून घ्या.

यातलं काही नसेल, मूल कुरकुरतंय पण बघतंय, आईला चिकटतंय, मधूनच खेळण्याकडे हात करतंय, तर पुढच्या पायऱ्या घरी करता येतात.

२. सामान मांडून घ्या

उलट्या सुरू असताना कपाटं उघडत बसलात की हमखास चुका होतात. पाच मिनिटं खर्चून हे सगळं एका ताटात काढा:

– काखेत लावायचा डिजिटल थर्मामीटर. कपाळाला हात लावून ताप ठरवू नका. तुमचा हात गार असेल तर प्रत्येक मूल तापलेलंच वाटतं.
– एक लिटरचं ओआरएसचं पाकीट आणि एक लिटरचं खात्रीचं माप. बाजारात मिळणारी पाण्याची एक लिटरची रिकामी, स्वच्छ बाटली उत्तम.
– चहाचा चमचा, स्टीलची छोटी वाटी, आणि ५ मिलीची बिनसुईची सिरिंज. औषधाच्या दुकानात ती काही रुपयांत मिळते.
– पॅरासिटामॉलची बाटली, तिच्यासोबत आलेलं मापाचं झाकण किंवा ड्रॉपर.
– उलटीसाठी पसरट भांडं, जुने टॉवेल.
– वही, पेन आणि समोर दिसेल असं घड्याळ.

मुलाचं वजन माहीत हवं. माहीत नसेल तर आधी तुम्ही एकट्यानं वजनकाट्यावर उभे राहा, मग मुलाला कडेवर घेऊन, आणि वजाबाकी करा. पुढचा सगळा हिशेब याच आकड्यावर चालतो.

३. ओआरएस: अख्खं पाकीट, पूर्ण लिटर

माझ्या पाहण्यात सगळ्यात जास्त चूक इथेच होते, म्हणून जरा थांबून सांगते.

एक लिटरच्या पाकिटात साधारण २१ ग्रॅम पावडर असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रानुसार तिच्यात लिटरमागे २.६ ग्रॅम मीठ, १३.५ ग्रॅम ग्लुकोज, १.५ ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड आणि २.९ ग्रॅम सायट्रेट असतं. हे प्रमाण हिशेबानं बसवलेलं आहे. आतड्याच्या भिंतीतून मीठ आणि ग्लुकोज जोडीनं आत जातात आणि आपल्यासोबत पाणी ओढून नेतात. एक कमी-जास्त झालं की ही जोडी बिघडते.

घरात होतं काय? "एवढंसं तर बाळ आहे, लिटरभर कुठे पिणार" म्हणून पाकिटातली चिमूटभर पावडर पेल्यात टाकतात आणि उरलेली रबर लावून ठेवून देतात. पावडरमधले घटक पाकिटात एकसारखे मिसळलेले राहतीलच असं नाही, त्यामुळे एका पेल्यात मीठ जास्त, दुसऱ्यात साखर जास्त. याच्या उलट एकदा एक वडील दूध पाजायची बाटली घेऊन आले होते. २०० मिलीच्या त्या बाटलीत लिटरचं अख्खं पाकीट रिकामं केलेलं. "जास्त ताकद यावी म्हणून" असं ते मनापासून सांगत होते. मूल तहानेनं बाटली सोडत नव्हतं, आणि जेवढं पीत होतं तेवढी तहान वाढत होती. इतकं खारट पाणी गेलं की रक्तातलं मीठ चढतं, मूल चिडचिडं होतं, मग गुंगतं, झटकेही येऊ शकतात.

करायचं ते असं:

क) हात साबणानं धुवा.
ख) पाणी उकळून पूर्ण गार केलेलं किंवा पिण्याचं खात्रीचं घ्या. एक लिटर मोजून स्वच्छ पातेल्यात ओता.
ग) पाकीट फोडून सगळी पावडर एकदम टाका. पाकिटाचे कोपरे झटका.
घ) दाणा दिसेनासा होईपर्यंत ढवळा, झाका.
च) वर वेळ लिहून ठेवा. २४ तासांनी उरलेलं ओतून टाका, मग ते निम्मं उरलेलं का असेना.

२०० मिलीसाठीची छोटी पाकिटंही मिळतात, एकट्या मुलासाठी तीच सोयीची. घेताना पाकिटावर "२०० मिलीसाठी" की "१ लिटरसाठी" ते वाचा आणि तेवढंच पाणी घ्या.

इशारा: तयार ओआरएसमध्ये साखर, मध, लिंबू, सरबत काहीही घालू नका. दुधात किंवा फळांच्या रसात पावडर कालवू नका. कालवल्यानंतर उकळू नका.

दुकानात कागदी डब्यातली संत्री-सफरचंद चवीची गोड पेयं मिळतात. त्यातल्या काहींच्या नावातच ओआरएस ही अक्षरं असायची आणि लोक विश्वासानं घ्यायचे. ऑक्टोबर २०२५ मध्ये देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणानं पेयांच्या नावात हा शब्द वापरायला मनाई केली. तरीही पाकिटावर डब्ल्यूएचओ सूत्राचा उल्लेख आहे का ते स्वतः वाचा. जास्त साखरेचं पेय आतड्यात पाणी ओढून आणतं आणि जुलाब वाढवतं. ग्लुकोज पावडरचं पाणी, कोल्ड्रिंक, डब्यातला ज्यूस या सगळ्यांना हेच लागू आहे. शहाळ्याचं पाणी मूल बरं होत आलं की चालेल, पण त्यात सोडियम कमी असतं, त्यामुळे ते ओआरएसची जागा घेत नाही.

पाकीट घरात नाही, दुकानं बंद आहेत? एक लिटर पाण्यात सपाट सहा चहाचे चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ. चाखून पाहा, अश्रूंपेक्षा खारट लागलं तर ओतून पुन्हा करा. हे सकाळपर्यंतच. आशाताईंकडे आणि आरोग्य उपकेंद्रात ओआरएसची पाकिटं मोफत मिळतात, पावसाळ्याआधी दोन आणून ठेवा.

४. उलटी झाली की दहा मिनिटं थांबा, मग चमचा

उलटीनंतर मूल पाणी मागतं. रडतं, पेला ओढतं. इथे मन घट्ट करावं लागतं. ढवळलेल्या पोटात पेलाभर पाणी गेलं की पोट ताणलं जातं आणि सगळं परत येतं.

क) तोंड पुसा, कपडे बदला, मुलाला उभं किंवा खांद्याशी धरा. घड्याळात दहा मिनिटं मोजा. या वेळात काहीही देऊ नका. फक्त अंगावरचं बाळ रडत असेल तर थोडा वेळ छातीशी लावायला हरकत नाही.
ख) दहा मिनिटांनंतर एक चहाचा चमचा ओआरएस, म्हणजे ५ मिली.
ग) दोन मिनिटं थांबा. पुन्हा एक चमचा. असंच पुढे.
घ) पुन्हा उलटी झाली तर पुन्हा दहा मिनिटं थांबा, मग अर्ध्या चमच्यापासून सुरुवात करा.
च) तासभर उलटी नाही झाली तर एका वेळी दोन चमचे, मग घोट घोट.

"चमच्यानं काय होणार" असं प्रत्येक घरात म्हणतात. हिशेब करून पाहा: दोन मिनिटांना ५ मिली म्हणजे तासाला १५० मिली, चार तासांत ६०० मिली. पाणी थोडं कमी झालेल्या मुलाला डॉक्टर किलोमागे ७५ मिली ओआरएस चार तासांत द्यायला सांगतात. आठ किलोच्या मुलासाठी ते नेमकं ६०० मिलीच येतं.

एका आजीबाई अजून डोळ्यांसमोर आहेत. कॅज्युअल्टीबाहेरच्या बाकावर नातवाला मांडीवर आडवं घेऊन बसल्या होत्या. पदराच्या टोकाशी स्टीलची वाटी, हातात चमचा, नजर भिंतीवरच्या घड्याळावर. पोरगं चमच्याकडे तोंड वासून ओढ घेत होतं आणि सून काकुळतीला येऊन म्हणत होती, "आत्या, द्या की अजून थोडं, किती तहानलंय." त्या शांतपणे म्हणाल्या, "काटा तिथवर सरकू दे गं बाई." चमचा ओठाच्या कडेला लावायच्या, गालाच्या बाजूनं हळूच आत सोडायच्या, हनुवटीवर ओघळलेलं बोटानं पुसायच्या. दोन तासांत वाटी तीनदा भरली, एकही उलटी नाही. पोरगं त्यांच्या मांडीवरच झोपलं आणि सलाइनची गरज पडली नाही.

मूल चमचा ढकलत असेल तर सिरिंजनं गालाच्या आतल्या बाजूला थोडं थोडं सोडा. घशात एकदम मारू नका, ठसका लागतो. झोपलेल्या मुलाच्या तोंडात काही ओतू नका.

अंगावरचं दूध थांबवू नका, थोडा वेळ पण वारंवार पाजा. वरचं दूध किंवा डब्याचं दूध नेहमीच्याच प्रमाणात द्या. "पचायला हलकं" म्हणून पाणी घालून पातळ केलेल्या दुधानं बाळाचं पोषण तेवढं घटतं.

तपासा: दोन तास चमच्यानं दिल्यावरही प्रत्येक वेळी सगळं उलटून पडतंय का? मग घरी ताणू नका. डॉक्टर उलटी थांबवणारं औषध वजनाप्रमाणे लिहून देतात, एका डोसनंतर बहुतेक मुलांना ओआरएस ठरतं. गेल्या वेळची उरलेली उलटीची बाटली स्वतःहून उघडू नका. उलटीच्या काही औषधांनी लहान मुलांची मान आणि डोळे एका बाजूला आखडतात, आई-वडील घाबरून जातात.

५. तापाचं औषध: वजन, बाटलीवरचा आकडा, मग मिली

तापाचा आकडा खाली आणण्यासाठी औषध द्यायचं नसतं. मुलाला आराम वाटावा आणि त्यानं पाणी प्यावं, एवढ्यासाठी द्यायचं. १०१ असूनही मूल निवांत पडून चमच्यानं पीत असेल तर घाई नाही. कण्हत असेल, तोंड फिरवत असेल तर द्या. पण उलटी होऊन गेल्याबरोबर नाही. आधी चौथी पायरी. अर्धा तास चमच्यानं दिलेलं ठरलं की मग औषध. नुसता हा क्रम पाळला तरी निम्म्या घरांतला "औषध उलटून पडलं" हा प्रश्न सुटतो.

पॅरासिटामॉल एका वेळी किलोमागे १० ते १५ मिलिग्रॅम. दोन डोसांमध्ये चार ते सहा तासांचं अंतर, २४ तासांत चारपेक्षा जास्त डोस नाहीत.

आता बाटली उजेडात धरा. एकाच औषधाच्या तीन वेगवेगळ्या ताकदी बाजारात असतात. थेंबांच्या छोट्या बाटलीत बहुधा १ मिलीत १०० मिलिग्रॅम असतं. साध्या सिरपमध्ये ५ मिलीत १२० किंवा १२५. जास्त ताकदीच्या सिरपमध्ये ५ मिलीत २४० किंवा २५०. दहा किलोच्या मुलाला १५० मिलिग्रॅम द्यायचं असेल तर:

– थेंबांचं औषध: दीड मिली
– १२५ चं सिरप: ६ मिली
– २५० चं सिरप: ३ मिली

"मागच्या वेळी सहा मिली दिलं होतं" एवढंच डोक्यात ठेवून नवी बाटली उघडली आणि ती २५० ची निघाली, तर दुप्पट औषध गेलं. थेंबांची निघाली तर चौपट. पॅरासिटामॉलचा जास्त डोस यकृतावर जातो आणि पहिल्या दिवशी बाहेरून काहीच दिसत नाही. म्हणून वहीत मिली लिहू नका, मिलिग्रॅम लिहा. स्वयंपाकघरातला चमचा औषधाला वापरू नका. एका बाटलीचा ड्रॉपर दुसऱ्या बाटलीत घालू नका.

दिल्यावर अर्ध्या तासाच्या आत उलटून पडलं, तर दहा मिनिटं थांबून, चमचाभर ओआरएस ठरतंय हे पाहून, तोच डोस एकदाच पुन्हा देता येतो. अर्ध्या तासानंतर उलटी झाली तर पुन्हा नाही, पुढच्या वेळेपर्यंत थांबा. तोंडानं काहीच राहत नसेल तर गुदद्वारातून ठेवायची पॅरासिटामॉलची सपोझिटरी मिळते. ती डॉक्टरांना विचारून, वजनाप्रमाणे.

इशारा: सर्दी-खोकल्याच्या बऱ्याच सिरपांमध्येही पॅरासिटामॉल असतं. दोन्ही दिलीत तर डोस दुप्पट होतो. लेबल वाचा.

इशारा: आयबुप्रोफेन आणि मेफेनामिक ॲसिड (मुलांना सर्रास दिली जाणारी ताकदवान तापाची औषधं) उलट्या होऊन पाणी कमी झालेल्या मुलाला किंवा डेंग्यूची शंका असताना देऊ नका. पाणी कमी असताना मूत्रपिंडावर ताण येतो, डेंग्यूत रक्तस्राव वाढतो. ॲस्पिरिन मुलांना तापात कधीच नाही. निमेसुलाइड १२ वर्षांखालच्या मुलांसाठी भारतात २०११ पासून बंद आहे. जुनी बाटली घरात असेल तर फेकून द्या. उरलेलं अँटिबायोटिक "होतं घरात म्हणून" देऊ नका. बहुतेक उलट्या-ताप विषाणूमुळे असतात, त्यावर ते चालत नाही आणि पोट आणखी बिघडवतं.

६. अंग पुसणं आणि कपडे

ताप चढत असताना मूल थरथरतं, हातपाय गार पडतात, पोट-पाठ मात्र तापलेली असते. तेव्हा पातळ चादर पुरे. थरथर थांबली की ती काढा, एक सुती कपडा ठेवा, पंखा मंद. स्वेटर, कानटोपी, दोन दुलया घालून "घाम काढणं" म्हणजे ताप आतच कोंडून ठेवणं.

अंग पुसायचंच असेल तर औषध देऊन अर्धा तास झाल्यावर, कोमट पाण्यानं, काखा, मान आणि जांघा. बर्फाचं पाणी, कोलन वॉटर, स्पिरिट नाही. मूल कुडकुडायला किंवा रडायला लागलं की थांबा. मिठानं पट्टीत काही फरक पडत नाही.

इथे आजीमंडळींना हात जोडून एक सांगणं आहे. उलटी थांबावी, मूल झोपावं म्हणून जायफळ उगाळून चाटवू नका, गुटी देऊ नका. जायफळानं मूल गुंगतं, आणि मूल आजारानं सुस्त झालंय की जायफळानं, हे मग घरी कुणालाच ओळखता येत नाही. पहिल्या पायरीतली सगळ्यात महत्त्वाची खूणच पुसली जाते. दृष्ट काढायची तर काढा, मुलाजवळ धुरी मात्र नको, आणि चमच्याची वेळ चुकू देऊ नका.

७. वही: काय लिहायचं

चार रकाने पुरतात: वेळ, आत काय गेलं (मिली), बाहेर काय आलं (उलटी, शी, लघवी), ताप व औषध (मिलिग्रॅम). घरात दोघं-तिघं आळीपाळीनं जागत असतील तर वहीशिवाय डोस दोनदा जाणारच.

लघवी नीट मोजा. डायपर लावलेल्या बाळाची लघवी कळत नाही, तो कोरडाही वाटतो आणि जडही. या दोन दिवसांत सुती लंगोट वापरा, किंवा डायपरमध्ये कापसाचा बोळा ठेवा. ओला झाला की कळतं. फिकट रंगाची लघवी चार-सहा तासांनी होतेय म्हणजे तुमचा चमचा काम करतोय.

दर तीन तासांनी एवढं तपासा: जीभ ओली आहे का, रडताना पाणी येतं का, पोटाच्या बाजूची कातडी चिमटीत धरून सोडली की झटकन सपाट होते का. सावकाश खाली बसत असेल तर पाणी बरंच कमी झालंय, निघा.

जुलाब बरेचदा उलट्यांनंतर बारा-चोवीस तासांनी सुरू होतात. प्रत्येक पातळ शीनंतर दोन वर्षांखालच्या मुलाला ५० ते १०० मिली, मोठ्याला १०० ते २०० मिली ओआरएस, तेही घोटाघोटानं. डॉक्टर झिंक लिहून देतात, सहा महिन्यांपुढे रोज २० मिलिग्रॅम. ते १४ दिवस पूर्ण द्या. तिसऱ्या दिवशी शी घट्ट झाली म्हणून बहुतेक घरांत ते बंद होतं.

आणि जुलाब आलेच नाहीत तर? दुसऱ्या दिवशीही नुसता ताप आणि उलट्या, तर "पोटच बिघडलंय" हे गृहीत सोडून द्या. लघवीतला जंतुसंसर्ग, मलेरिया, डेंग्यू, घसा, कान, यातलं काहीही असू शकतं. लघवी आणि रक्त तपासून घ्या.

८. खाणं

चार तास उलटी नाही आणि मूल मागतंय, तर द्या. उपाशी ठेवू नका. मीठ घातलेली भाताची पेज, मऊभात आणि मुगाचं वरण, खिमट, कुस्करलेलं केळं, ताजं ताक. दोन-तीन चमच्यांपासून, दर दोन तासांनी. तेलकट, मसालेदार आणि चहा-बिस्किट नको. नाही म्हणालं तर जबरदस्ती करू नका, एक दिवस खाणं कमी झालं तरी चालतं, पाणी कमी होऊ देऊ नका. बरं झाल्यावर आठवडाभर रोज एक खाणं जास्तीचं द्या.

९. झटका आला तर

सहा महिने ते पाच वर्षांच्या काही मुलांना ताप चढताना झटका येतो. डोळे फिरतात, हातपाय ताठ होऊन हलतात. पाहणाऱ्याच्या काळजाचं पाणी होतं, पण बहुतेक झटके पाच मिनिटांच्या आत आपोआप थांबतात.

मुलाला जमिनीवर कुशीवर वळवा म्हणजे उलटी श्वासात जाणार नाही. गळ्याजवळचा कपडा सैल करा. घड्याळ पाहा. दातांत चमचा, बोट घालू नका. कांदा, चप्पल हुंगवू नका. पाणी, औषध तोंडात टाकू नका. हातपाय दाबून धरू नका. पाच मिनिटांवर गेला तर १०८. आपोआप थांबला तरी त्याच दिवशी दवाखान्यात न्या, कारण उलट्या आणि ताप असताना आलेला झटका मेंदूज्वराचा नाही ना, हे डॉक्टरांनीच ठरवायचं असतं.

१०. ताप उतरला, तरी दोन दिवस लक्ष

जुलै ते नोव्हेंबर या डेंग्यूच्या दिवसांत हे विशेष सांभाळा. तिसऱ्या ते सातव्या दिवसादरम्यान ताप उतरतो, घरचे सुटकेचा श्वास टाकतात, आणि डेंग्यूतला धोक्याचा काळ नेमका तिथूनच सुरू होतो, २४ ते ४८ तासांचा. ताप गेलाय पण उलट्या वाढल्यात, पोट दुखतंय, मूल गळून गेलंय किंवा विनाकारण तळमळतंय, हातपाय गार आहेत, हिरड्यांतून रक्त येतंय, शी काळी होतेय, तर ताबडतोब रुग्णालय. पपईच्या पानांचा कडू रस आधीच उलट्या करणाऱ्या पोटात घालू नका. त्यानं उलटी वाढते आणि चमच्यानं मिळवलेलं पाणीही बाहेर जातं.

११. डॉक्टरांकडे जाताना

वही न्या. दिलेल्या औषधांच्या बाटल्याच न्या, नुसती नावं सांगू नका. उलटीचा रंग शंकास्पद वाटला तर तो डागाळलेला टॉवेल धुऊ नका, पिशवीत घालून तसाच न्या, किंवा फोटो काढून ठेवा. "सकाळपासून सारख्या उलट्या" यापेक्षा "सकाळी सहापासून पाच, शेवटची दहाला, लघवी पहाटे चारला" एवढं सांगितलंत तर तपासणी तिथूनच सुरू होते. बंद झाकणाच्या बाटलीत ओआरएस आणि वाटी-चमचा सोबत घ्या. रिक्षात आणि बाहेरच्या बाकावर नंबर येईपर्यंत दर दोन मिनिटांनी चमचा चालू ठेवा. फक्त मूल गुंगलेलं असेल, उलटी हिरवी असेल किंवा पोट फुगून घट्ट झालं असेल, तर तोंडानं काही न देता थेट आत घेऊन जा.